रोजचं वाटीभर ताक

मंडळी, आज दुपारी जेवता जेवता बायकोला चौथीतली कविता म्हणून दाखवत होतो. दुसऱ्याच कडव्यात आवाज बंद झाला. भाकरीचा घास छातीत अडकला. पाणी प्यायलो तर तेही उलटून वर आलं.

माझ्या अन्ननलिकेला ॲलर्जीची सूज आहे. कशाने येते ते शोधायला पुण्याच्या डॉक्टरांनी आधी दूध बंद केलंय.

बऱ्याच वेळाने घास सुटला, तेव्हा त्यांना स्पीकरवर फोन लावला. "दही, ताकही बंद आहे ना?" त्यांनी विचारलं.

ही शेजारून म्हणाली, "ताक देते की रोज, घशाला गार म्हणून. ताक म्हंजी दूध व्हय?"

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नळी अरुंद होत चाललीय. परत अडकलं तर थेट दवाखाना गाठा."

लहानपणी मढ गावी आईच्या रवीच्या आवाजाने जाग यायची. त्या ताकाची कधी भीती वाटेल असं स्वप्नातही नव्हतं.

आत्ता हिने मऊ भात वाढला. स्वतः जेवली नाही, माझ्या गळ्याकडे बघत बसली. पहिला घास हातातच गार झाला.

तुमच्यापैकी कुणाला हा आजार असेल तर सांगा, पहिला घास गिळायचं धाडस कसं करता?