गच्चीवरच्या उन्हाची वाटणी

माझ्या सासऱ्यांनी सगळी नोकरी कोळशाच्या वीज केंद्रात काढली. त्यामुळे आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सोलर बसवायचं माझ्या लेकीनं काढलं, तेव्हा पहिली ठिणगी घरात जेवतानाच पडली.

"ज्या कोळशानं तुह्या बापाले शिकवलं, त्याले नावं ठेवून राहिली का वं?"

"आबाजी, क्वार्टरमध्ये दोरीवरच्या चादरींवर राख बसायची, हे तुम्हीच सांगता ना?"

ते भात कालवत राहिले. मग म्हणाले, "अन् रात्री सूर्य कुठून आणशीन?"

रविवारी गच्चीवर मीटिंग झाली. लेक हवामानबदलापासून लिफ्टच्या बिलापर्यंत सगळी तयारी करून आली होती. तिचं बोलून झाल्यावर तळमजल्यावरच्या काकू उठल्या.

"सारं खरं हाय. पण माह्या कुरोड्या मी काय पंख्याखाली वाळवू?"

सगळे हसले, पण बायका काकूंच्या बाजूनं झाल्या. उन्हाळाभर गच्चीवर पापड, कुरोड्या, तिखटासाठी मिरच्या असतातच. लेकीचा चेहरा पडला. सावली नेमकी कुठं पडेल याचा विचार तिनं केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी बघते तर सासरे डोक्याला ओला दुपट्टा बांधून गच्चीवर निघालेले.

"तुमचा तर विरोध आहे ना?" मी विचारलं.

"हाय. पण काम करायचं तर ढंगानं करा."

लेकही खडू घेऊन मागे गेली. टाकीची सावली सरकेल तशी दोघं रेघ मारत आणि प्रत्येक रेघेवर भांडत होती. संध्याकाळी खाली आली तेव्हा दोघांचे चेहरे तांबडे झाले होते, पण मनासारखं निघालं होतं. उत्तरेकडे उंच सांगाड्यावर पॅनल, दक्षिणेकडचं मोकळं ऊन काकूंना. काकूंनी वर जाऊन स्वतः खात्री केली, तेव्हा कुठे होकार मिळाला.

दिवाळीनंतर पॅनल लागले. आता दिवसा लिफ्ट आणि पाण्याची मोटर त्यावर चालते. सूर्य मावळला की सासरे न चुकता नातीला सांगतात, "आता आमचा कोळसा चालू झाला बरं." ती बॅटऱ्यांचं काढते आणि चहा होईपर्यंत दोघांची जुंपते.

मागच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या मीटिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे भाऊ म्हणाले, "सोलर वाढवून घेऊ. मग प्रत्येक खोलीत एसी लावू, दिवसभर चालू द्या!"

"काहून गा?" सासरे उसळले. "फुकटची हाय म्हणून उडवाची का वीज?"

"आणि कूलरला काय झालं, काका?" लेकीचा आवाज त्यांच्यापेक्षा वर गेला.

बिचारे भाऊ एकदा आजोबांकडे बघत, एकदा नातीकडे. या दोघांचं एकमत झालेलं मीही पहिल्यांदाच पाहत होते. ते टिकलं मात्र जिना उतरेपर्यंतच. कूलरला पाणी किती लागतं, यावरून दारातच नवं भांडण सुरू झालं.