आमच्या घरी झाड आहे

आज सकाळी पिशवीत कढीपत्ता भरताना बोटांना त्याचा हिरवा, किंचित कडवट वास लागला आणि आमच्या तंजावूरच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका आठवल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. दर शुक्रवारी तिरुवैयारुच्या बसमधून त्या परसातल्या कढीपत्त्याच्या जुड्या घेऊन उतरायच्या आणि शिपायापासून प्राचार्यांपर्यंत प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवत, दोन शब्द बोलत हिंडायच्या. मी तेव्हा रसायनशास्त्रात नवी होते. माझ्यापुढे जुडी आली तेव्हा सरळ सांगितले, “नको अक्का, आमच्या घरी झाड आहे.” राजवाड्यामागच्या आमच्या घरी खरेच होते. तास चुकवत नाही, वह्या वेळेवर तपासते. आणखी काय हवे, असे माझे गणित होते.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मला नोकरीत कायम करायचे की नाही, ते ठरणार होते. नेमके प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी पाणी शुद्ध करण्याचे आमचे यंत्र बंद पडले. बाहेरचे परीक्षक दहाला यायचे होते. मी शुद्ध पाणी मागायला वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत धावले. तिथले सेवक थंडपणे म्हणाले, “अर्ज आणा, मॅडम. सही लागते.” दोन वर्षे मी त्यांच्यासमोरून जात होते, नाव ठाऊक नव्हते.

मागून अक्का आल्या. “काय अण्णा, वहिनींचा गुडघा कसा आहे? आणि ते दोन कॅन हिच्याकडे पोचवा बघू. अर्ज दुपारी येईल. आपलीच मराठी पोर आहे, जरा तिखट आहे इतकंच.”

“तिखट असू दे, अक्का. येता-जाता वणक्कम तरी म्हणावं माणसानं,” म्हणत अण्णांनी कॅन उचलले.

परीक्षा वेळेवर सुरू झाली. मी कायम झाले. परीक्षकांच्या अहवालात माझे नियोजन वाखाणले होते. कॅनचा उल्लेख नव्हता. पुढच्या शुक्रवारी मी जुडी घेतली, आणि अण्णांचे खरे नावही विचारले.

अक्कांना निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. आता आमचे काम ऑनलाइन अर्जात मोजतात: शोधनिबंधांचा रकाना, परिषदांचा रकाना. कोण कोणाच्या हाकेला धावते, याचा रकाना नाही. नाही तेच बरे. असता तर लोकांनी त्याचीही प्रमाणपत्रे जोडली असती.

आज कॉलेजात पोचल्यावर विभागातल्या नव्या मुलीच्या दारावर टकटक करून जुडी पुढे केली. संगणकावरून नजर न काढता ती म्हणाली, “थँक्यू मॅडम, पण आमच्या घरी झाड आहे.”

“आमच्याही घरी होतं,” मी म्हणाले आणि जुडी टेबलावर ठेवली. ती घरी नेईल की तिथेच वाळू देईल, कोण जाणे. मलाही दोन वर्षे लागली होती. पुढच्या दाराशी शिपायाच्या मुलीचा निकाल विचारायचा होता, मी निघाले.