अक्कांचा प्रश्न

बीदरच्या दवाखान्यात मूल होत नाही म्हणून येणाऱ्या बायकांचे कागद मी लिहायचे. उपचाराला कुणाला घ्यायचं, हे नर्स अक्का आधी पारखायच्या. वय, वजन, पाळी विचारून झालं की सासूला बाहेर पाठवायच्या आणि हळूच म्हणायच्या, "लेकरू तुला पायजे का सासूला?"

औरादची एक सून त्यावर नुसती रडत राहिली.

"मन थाऱ्यावर न्हाई तुझं. सहा महिन्यांनी ये, माय," अक्का म्हणाल्या. मीही तसंच लिहिलं.

ती परत आली नाही. दोन वर्षांनी तीच सासू आली, त्याच लेकाची दुसरी बायको घेऊन.

अक्कांनी या वेळी तो प्रश्न विचारला नाही. "मावशी, आधी तुमच्या लेकाला घिऊन या," एवढंच म्हणाल्या.

इतक्या वर्षांत नवऱ्याच्या नावाचा कागद मी त्या दिवशी पहिल्यांदा काढला.