दोन नंबरच्या पंपाचा सूर

तुम्ही काय करता असं कुणी विचारलं की माझी मावशी म्हणायची, "तुमच्या नळाला पाणी येतं ना? मग मी कामावर आहे."

अडतीस वर्षं ती पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ऑपरेटर होती. तीन मोठे पंप, भिंतीवर दाब दाखवणारे काटे, एक टेबल, एक नोंदवही आणि चहाची किटली. दर तासाला दाब लिहायचा, व्हॉल्व्ह बघायचे, मोटारीवर तळहात ठेवून ती किती तापलीय याचा अंदाज घ्यायचा. उरलेला वेळ ऐकायचं. बेअरिंग जाणार असेल तर ते आधी कानाला कळतं, मग पायाच्या तळव्यांना, आणि सगळ्यात शेवटी साहेबांना, असं ती सांगायची.

दुसरी गोष्ट ती क्वचितच सांगे. नोकरीची पहिली सहा वर्षं ती एका बँडमध्ये बास गिटार वाजवायची. दोन गिटार, एक ड्रम, एक गायक आणि ही. बँडची एकच रेकॉर्ड निघाली, दोन बाजूंना दोन गाणी असलेली छोटी तबकडी. पहिल्या बाजूचं गाणं तुफान चाललं. ते अजून रेडिओवर लागतं, केस कापायच्या दुकानात लागतं. गाण्याच्या सुरुवातीला बाकीचे सगळे गप्प असतात आणि एकटा बास आठ ठोके चालत येतो. शब्द न आठवणारी माणसंही तेवढा तुकडा गुणगुणतात.

तो तुकडा मावशीचा. पण हे आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

मलाही त्याचं एवढं काही वाटत नव्हतं, ती यादी दिसेपर्यंत. बुटांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर रेकॉर्डप्रेमींचं एक मंडळ आहे. तीस-चाळीस माणसं दर रविवारी जमतात, रेकॉर्ड ऐकतात आणि भांडतात. मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांनी मतं घेऊन यादी केली होती: सर्वकाळचे आवडते दहा बास वादक. कच्ची यादी जिन्याशी फळ्यावर लावली होती. खाली टीप होती, 'हरकती पंधरा दिवसांत लेखी द्याव्यात.' मी बुटाला टाच बसवायला गेले होते. एका पायावर उभी राहून वाचत होते. पहिली सहा नावं जगभर गाजलेल्यांची. सातव्या जागी आमच्या गाण्याचं नाव, आणि पुढे एका भलत्याच माणसाचं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा मावशी मटार सोलत होती. हात थांबले नाहीत.

"कुणाचं नाव आहे?"

मी सांगितलं.

"तो स्टुडिओतला. चांगला वाजवायचा." एक शेंग सोलून झाली. "पण हे त्याने नाही वाजवलं."

मग तिने कपाटातून रेकॉर्डचं वेष्टण काढलं. फोटोत गायक, दोघे गिटारवाले, ड्रमवाला आणि टोकाला बास गळ्यात अडकवलेला तो माणूस.

"फोटो अडीच वाजता काढला. माझी ड्यूटी दोनची. मी गेले, तर चौकटीत एक जागा रिकामी दिसायला लागली. म्हणून याला उभा केला. आतमध्ये बासवाल्याचं नाव छापलेलंच नाही, मग लोक फोटोच बघणार."

"आणि तू काहीच बोलली नाहीस?"

"हसले. तेव्हा वाटायचं, अजून शंभर रेकॉर्ड करू. शंभरातल्या एका फोटोचं काय एवढं?"

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, बेकरीतल्या कामावरून नुकतेच आले होते, भुवयांवर अजून पीठ होतं. ते म्हणाले, "शंभरातल्या नव्व्याण्णव राहिल्या की गं."

"म्हणूनच," मावशी म्हणाली. "ही एक सोडणार नाही."

मंडळाचे सेक्रेटरी घड्याळं दुरुस्त करतात. सगळे त्यांना घड्याळवाले म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा एका डोळ्याला भिंग लावून ते मनगटी घड्याळाच्या पोटात बघत होते.

"हरकत लेखी लागते," ते मान वर न करता म्हणाले.

"लिहून आणलीय."

त्यांनी कागद वाचला. भिंग तसंच ठेवून वाचला, त्यामुळे एक डोळा भलताच मोठा दिसत होता. "बाई, राग मानू नका. पण आवडतं गाणं सगळ्यांनाच आपलं वाटतं. गेल्या महिन्यात एक गृहस्थ आले होते. म्हणे त्या गाण्यातली शिट्टी मी वाजवलीय."

"गाण्यात शिट्टी कुठे आहे?"

"नाहीच ना!"

मावशीला हसू आलं, पण ते तिने आवरलं. ड्रमवाल्याने परदेशातून पाठवलेलं पत्र पुढे केलं. त्यात लिहिलं होतं, बासवर हीच होती.

"मित्र मित्राच्या बाजूने लिहिणारच," घड्याळवाले म्हणाले. आवाज मात्र मऊ झाला होता. "मी सतरा वर्षांचा होतो हे गाणं आलं तेव्हा. त्या आठ ठोक्यांसाठी मी रेकॉर्ड जमवायला लागलो. चुकीचं नाव माझ्या हातून जावं असं मलाही वाटत नाही. पण पुरावा हवा."

"वाजवून दाखवते."

"आज ते कुणीही वाजवतं हो. आणि खरं तर रेकॉर्डबरोबर वाजवायला गेलं तर कुणाचंच जुळत नाही. पियानोच्या दोन पट्ट्यांच्या फटीत कुठेतरी पडतं ते गाणं. स्टुडिओत टेप जोरात धावली होती. आमच्या मंडळातले पियानोचे सर आहेत, त्यांनी दहा वर्षांपूर्वीच शोधून काढलंय ते."

मावशी मग अशी खदखदून हसली की काचेच्या कपाटातली घड्याळं हलली असावीत.

"टेप नाही हो धावली. माझ्या तारा पंपाला लावलेल्या होत्या."

घड्याळवाल्यांनी भिंग काढलं.

घरात दोन खोल्या आणि चार बहिणी, त्यामुळे सराव घरी होणं शक्यच नव्हतं. मावशी बास पंपघरात न्यायची. अँप्लिफायर नव्हता. वाद्याचं लाकूड टेबलाच्या कडेला टेकवायचं आणि हनुवटी टेबलावर ठेवायची, की आवाज हाडांतून ऐकू येतो. तारा जुळवायला सूर कुठला घ्यायचा? तिथे दिवसभर न ढळणारा एकच सूर होता, दोन नंबरच्या मोटारीचा. सगळ्यात बारीक तार त्या सुराला लावायची आणि बाकीच्या तिच्यावरून. मोटारीचा सूर पियानोच्या सुरापेक्षा किंचित वर आहे, हे पंपघरात कोण सांगणार?

"रेकॉर्डिंगला गेले तेव्हा सगळ्यांच्या वर मी. म्हटलं, उतरवते. पण माझ्या बासची एक खुंटी अशी होती, की तिला हात लावला तर तार दिवसभर स्थिर होत नसे. शेवटी गिटारवाल्यांनी त्यांच्या तारा माझ्याशी जुळवल्या. गायक करवादला, म्हणाला, एका पंपासाठी माझा गळा ताणायचा का? तरी गायला बिचारा."

"आणि दुसरी बाजू?"

"ती मी गेल्यावर झाली. बास नाहीच तिच्यात. स्टुडिओचा पियानो आणि गायक, बस."

घड्याळवाल्यांनी भिंग पुसून टेबलावर ठेवलं. मग हळूच म्हणाले, "टेप जोरात धावली असेल तर दुसरी बाजूही चढी असायला हवी. एकाच दिवशी, एकाच यंत्रावर झालीय."

"ते तुम्ही तपासा. मी तेव्हा व्हॉल्व्ह उघडत होते."

दहा वर्षांत ते कुणीही तपासलं नव्हतं. इतकी तयार कानाची माणसं, सुईचं वजन मोजणारी, तबकडीचा वेग ठिपक्यांवरून ताडणारी. पण रेकॉर्ड उलटी करून दुसरी बाजू कुणी लावलीच नव्हती. घड्याळवाल्यांनी स्वतःच कबूल केलं, "रडकं गाणं आहे ते. दुसरी बाजू कोण ऐकतं!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पियानोच्या सरांच्या घरी ती ऐकली गेली. सर एका हाताने पट्टी दाबत होते, दुसरा तळहात कानामागे धरून बसले होते. गाणं पियानोशी तंतोतंत जुळलं. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा जुळलं.

"टेप बरोबर होती," दात काढून घेतल्यासारख्या चेहऱ्याने ते म्हणाले. मग लगेच सावरले. "पण त्यावरून फक्त एवढंच ठरतं, की पहिल्या बाजूला कुणीतरी चढं होतं. ते कुणीतरी म्हणजे या बाईच, हे कसं ठरवायचं?"

"स्टुडिओतला माणूस स्टुडिओच्या पियानोला सोडून तारा कशाला लावेल?" घड्याळवाल्यांनी विचारलं. मावशीच्या बाजूने ते बोलले, हे त्यांचं त्यांनाही उशिरा लक्षात आलं असावं.

"मग चला पंपघरात," मावशी म्हणाली. "मोटार तीच आहे, फक्त रंग नवा."

रविवारी सकाळी अकरा जण पंपघराच्या फाटकाशी उभे होते. आता तिथे असलेली ऑपरेटर मावशीच्याच हाताखाली शिकलेली. तिने सगळ्यांना नोंदवहीत सही करायला लावली, कशालाही हात लावू नका म्हणून बजावलं आणि मावशीच्या कानाशी लागून विचारलं, "एवढे सगळे पाणी बघायला आलेत?"

"ऐकायला."

दोन नंबर चालू होता. आत गेल्यावर तो सूर आधी छातीत लागतो आणि मग कानाला कळतो. जुन्या टेबलावर बॅटरीवरचा रेकॉर्ड प्लेयर ठेवला. घड्याळवाल्यांनी वेग तपासला, पाणसळ लावणाऱ्या गवंड्यासारखं खाली वाकून तबकडी सपाट आहे ना तेही बघितलं. आधी सरांच्या सांगण्यावरून एक दुसरीच रेकॉर्ड लावली. तिच्यात बासच्या बारीक तारेचा तोच स्वर आला, तेव्हा पंपाचा आवाज आणि तो एकमेकांवर आपटायला लागले. हवेत वाव-वाव अशा लाटा उठल्या. दोघे एकमेकांच्या शेजारी होते, पण एकत्र नव्हते.

मग आमची रेकॉर्ड. सुई टेकली, थोडी खरखर झाली, आणि बास चालत आला. त्याचा पहिलाच स्वर त्या मोकळ्या बारीक तारेचा आहे. तो आला आणि लाटा नाहीत. पंप कुठे संपतो आणि तार कुठे सुरू होते ते कळेना. तो स्वर जणू त्या खोलीतूनच निघाला होता आणि इतकी वर्षं बाहेर फिरून आता परत आला होता. दाराशी उभ्या असलेल्या एका जाडजूड सभासदाने नकळत भिंतीला हात लावला. ऑपरेटर ओरडली, "ओ, हात!"

घड्याळवाल्यांनी सुई उचलली आणि पुन्हा ठेवली. असं तीनदा. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले होते. पियानोचे सर मोटारीकडे बघत मान हलवत राहिले, नाही म्हणून नव्हे.

मावशी सवयीने दाबाच्या काट्याकडे बघत होती.

घड्याळवाल्यांनी खिशातून पेन काढलं, यादीचा कागद टेबलावर पसरला आणि सातव्या जागेवरचं नाव एका सरळ रेघेने खोडलं. "बोला. नाव काय लिहू?"

मावशीने पूर्ण नाव सांगितलं.

"हे लग्नाआधीचं की नंतरचं?"

"वाजवलं तेव्हाचं."

मंडळाचा समारंभ पुढच्याच रविवारी झाला. जिन्यापर्यंत माणसं होती. बेकरीतले सगळे आले होते, पंपघरातल्या दोघी आल्या होत्या, आणि जी शिट्टी गाण्यात नाहीच ती वाजवणारे गृहस्थही पहिल्या रांगेत होते. मंडळातल्या दोघांनी गिटार आणल्या होत्या.

"तुम्ही आमच्याशी जुळवता?" त्यांच्यातल्या एकाने विचारलं.

मावशीने नुसतं बघितलं.

"बरं, आम्ही येतो वर," तो म्हणाला आणि खुंट्या पिळायला लागला.

चौतीस वर्षं तिने माणसांसमोर वाजवलं नव्हतं. बोटं जाड झाली होती, करंगळी नीट वळत नव्हती. काका माझ्या शेजारी बसून रुमालाची घडी घालत होते, उलगडत होते. तिने पाय किंचित फाकवले, पंपघरात उभी राहायची तशी, आणि एकटीने ते आठ ठोके वाजवले. रेकॉर्डपेक्षा सावकाश, आणि कुठेही घाई न करता. आठव्या ठोक्यानंतर गिटार यायच्या होत्या, पण त्याआधीच अख्खी खोली गायला लागली. गिटारवाले राहूनच गेले. पुढचं सगळं गाणं लोकांनी म्हटलं आणि खालून ती एकटी त्यांना चालवत राहिली, अवघड वळणावर थोडं थांबवत, पुन्हा सोडत. संपल्यावर टाळ्या इतक्या झाल्या, की खालचे बुटांचे दुकानदार काय कोसळलं ते बघायला वर आले आणि तेही टाळ्या वाजवायला लागले.

घड्याळवाल्यांनी यादी वाचली. सातवं नाव वाचून ते थांबले. त्यांनी पाणी प्यायलं आणि ते नाव पुन्हा पहिल्यापासून, मधल्या नावासकट वाचलं. काकांनी रुमालाचा शेवटी उपयोग केला.

लोक पांगल्यावर मावशी खुर्चीवर बसून बोटं चोळत होती. घड्याळवाले चहा घेऊन आले.

"सहाव्यावर कोण आहे?" तिने विचारलं.

त्यांनी नाव सांगितलं.

"ऐकवा."

त्यांनी सगळ्यांत जपून ठेवलेली रेकॉर्ड काढली, पुसली, लावली. मावशीने सबंध बाजू ऐकली. चहा निवून गेला. मग म्हणाली, "दुसरी बाजू लावा." तीही शेवटपर्यंत ऐकली.

"फार चांगला वाजवतो," ती म्हणाली. "हात हलका आहे. शिकण्यासारखं आहे." बास पिशवीत घालताना तिने विचारलं, "पुढची यादी कधी करणार?"

"आता पन्नासाव्या वर्षी. म्हणजे अजून पंचवीस वर्षांनी."

साठीची मावशी पिशवीची चेन ओढून उभी राहिली.

"मग वेळ आहे," ती म्हणाली. "तेवढी ती रेकॉर्ड मला घरी न्यायला द्या."