थंड खोलीतला घाम

बेकरीत तिला सगळे वेलांटी म्हणायचे. केकवर क्रीमने नाव काढावं तर तिनेच. तिच्या हातातल्या क्रीमच्या कोनातून अशी वेलांटी उतरायची, की गिऱ्हाईक केक कापायला कचरायचं. मालकाने कधीतरी कौतुकाने त्या नावाने हाक मारली, ती चिकटली ती चिकटलीच.

तर त्या वेलांटीचा हात थरथरायला लागला. तिने कुणाला कळू दिलं नाही. रेष वाकडी गेली की वर एक फूल काढायचं, झाकलं. पण एकदा मोठ्या तीन मजली केकवर फुलंच फुलं झाली, नाव दिसेना. मालकाने बघितलं. सुरीने सगळं क्रीम खरवडलं आणि तिच्या जागी दुसरीला बसवलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

हाताचं सोडा, बाईच पार बदलली होती. डोळ्याला डोळा लागत नव्हता. छातीत कुणी दार ठोठावतंय असं सारखं. बसली की उठावंसं वाटायचं, उठली की कुठे जाऊ ते कळायचं नाही. साध्या बोलण्यावर फाडकन तोडायची, मग मैद्याच्या पोत्यांमागे जाऊन रडायची. दोघींचं जेवण एकटी खायची, तरी ॲप्रनची नाडी कमरेला जास्तीचा वेढा घ्यायला लागली. पॅकिंगवाल्या बायका म्हणायच्या, काय गं, कसलं डाएट, आम्हालाही सांग की. घामाचं कुणी विचारलंच नाही. भट्टीपाशी कुणाला घाम फुटत नाही? सगळं भट्टीच्या नावावर खपून गेलं.

वेलांटीच्या मनात मात्र भट्टी नव्हती. मावशी होती. आईची सख्खी बहीण, एके काळी हसऱ्या तोंडाची शिवणकाम करणारी बाई. हळूहळू खोलीत जाऊन बसली, ती बाहेर आलीच नाही. घरचे म्हणायचे, मनाने गेली, करणार काय. आता आई वेलांटीकडे बघता बघता गप्प व्हायची, आणि त्या गप्प होण्यात वेलांटीला मावशीची खोली दिसायची. पुढचा नंबर आपला.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरने मान वर न करता टेन्शन घेऊ नका म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. सकाळी डोकं जड, छातीतलं दार आहे तसंच.

शेवटी धाकटी बहीण उठली. ती त्याच बेकरीत काउंटरवर, तोंडाने फटकळ, पण ताईवर जीव ओवाळून टाकणारी. म्हणाली, मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं. वेलांटी म्हणाली, तिथे पाय ठेवला की मी मावशी झाले.

"झालीस तर मी तुझ्याबरोबर त्या खोलीत येऊन बसेन. चपला घाल."

डॉक्टरीणबाई विचारत गेल्या आणि वेलांटी सगळं उडवत गेली. घाम? भट्टी. वजन? भट्टीपाशी उभं राहून कुणाचं वाढतं? झोप? पहाटेची पाळी असते. धाकटीला राहवेना. "ताई, थंड खोलीतलं सांग की." आणि लगेच स्वतःच सांगून टाकलं. क्रीम ठेवतात त्या खोलीत सगळे स्वेटर घालून जातात आणि दात वाजवत बाहेर येतात. ताई नुसत्या ब्लाउजवर भिंतीला पाठ लावून उभी राहते, आणि बाहेर येते ती घामाने भिजलेली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. हात पुढे करायला लावले, पसरलेल्या बोटांवर एक कागद ठेवला. तो पंख्याखाली असल्यासारखा फडफडला. मग पाण्याचा घोट गिळायला सांगितला आणि गळ्याकडे बघत राहिल्या.

"आधी रक्त तपासू. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह. मनाचं दुखणं खोटं नसतं. पण त्याच्या आड शरीराचं काही लपलंय का, ते आधी बघायचं."

वेलांटीने विचारलं, काही निघालंच नाही तर? बाई म्हणाल्या, मग मनावर उपचार करू, त्यालाही औषध आहे. दोघी निघाल्या तेव्हा बाईंनी घरात कुणाला थायरॉइड आहे का विचारलं. कुणालाच नाही, असं वेलांटीने सांगून टाकलं.

रिपोर्ट येईपर्यंत तिने बेकरीतले सगळे ट्रे घासून काढले. घासलेले परत घासले. लोक देवाकडे आजार नको म्हणून मागतात, ही निघू दे म्हणून मागत होती.

आणि निघाला. थायरॉइड नको तेवढं धावत होतं, बाकी सगळं त्याच्या मागे फरफटत होतं. दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं, त्यांनी गोळ्या सुरू केल्या. महिनोन् महिने घ्याव्या लागतील, हातही हळूहळूच थांबेल म्हणाले. धाकटी जिन्यातच बोलली, "रोग रेड्याला, औषध पखालीला. आणि आपण शिव्या घालत होतो भट्टीला." वेलांटी हसली, हसता हसता रडली, आणि फाटकापाशी येऊन थबकली.

"कुणालाच नाही, असं सांगितलं मी. मावशीचं कधी बघितलंय कुणी?"

वेलांटीला एकेक आठवायला लागलं. मावशी भर उन्हाळ्यात शाल घेऊन बसते. तोंड सुजल्यासारखं, आवाज घोगरा, केस विरळ. आपण घामाने निथळतो आणि ती गारठलेली. थायरॉइड थंडावलं तर असंही होतं, हे आत्ताच डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या तक्त्यावर वाचलं होतं. असेल, नसेल. पण बघायला नको?

वेलांटी घरी गेलीच नाही. तडक मावशीच्या घरी, तिच्या खोलीत. मावशी खिडकी लावून पलंगावर बसलेली, खांद्यावर शाल. दवाखान्यात चल म्हटल्यावर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, आता काय निघणार आहे माझं.

वेलांटी खाली बसली आणि तिच्या पायात सँडल चढवायला लागली. पट्टा काही बकलात जाईना. एकदा, दोनदा. बोटं ऐकत नव्हती. मावशीने वाकून बघितलं आणि तिचा हात आपल्या गार हातात घट्ट धरला.

"तुझा हात का गं असा?"

"म्हणूनच तर आले," वेलांटी म्हणाली. "दुसरा पाय दे."