जाड सूत, बारीक सूत

कापडाच्या दुकानात माणूस कापड घ्यायला येतो आणि जाताना आपलं काहीतरी सांगून जातो. सिंदीत शेठजींच्या दुकानात कापड मोजता मोजता मी म्हातारा झालो. कापड विकलं गेलं, ऐकलेलं तेवढं माझ्याजवळ राहिलं.

एकोणीसशे नव्वदनंतरची गोष्ट. एक काका थंडीसाठी कापड घ्यायला आले. "साठ नंबरच्या सुताचं दाखव. मोठा नंबर म्हणजे जाडच असंन."

मी म्हटलं, "उलटं आहे, काका. नंबर वाढला का सूत बारीक होते."

काका म्हणाले, "म्हणजे माह्या पोरासारखं. वर्गात नंबर वाढून राह्यला अन् पोरगं खाली चाललं."

एका सरपंचांना उन्हाळ्यात बारीक सुताचाच पायजमा लागे. हवा खेळते म्हणत. तो घालून ते सभेत उन्हात उभे राहिले, तर मागून कोणीतरी बोललं, "साहेब, आतले पट्टे सुरेख हायेत." दुसऱ्या दिवशी सरपंच दुकानात. "जाड दे बाप्पा. पद आहे तोवर घाम चालते."

कापसाच्या बोंडांची टोकं हात ओरबाडतात, म्हणून वेचणीला बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. एकीनं शर्टासाठी जाड कापड मागितलं. मी विचारलं, "घरधन्याचं माप काय?"

"माप माह्यं घ्या. त्यायले जुना देईन."

गुलाबराव कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत राहायचे. आजार कधीचाच बरा झाला होता, पण बोटं वाकलेली होती आणि त्यांना स्पर्श कळत नव्हता. एकदा ते दुकानाच्या पायरीशीच थांबले. मी वर बोलावलं.

"उद्या नात पह्यल्यांदा येऊन राह्यली," ते म्हणाले. "मले तिले घेऊ देतीन का नाई, मालूम नाई. झबलं तरी माह्याकडचं घालावं. टोचलं तर तेही घालणार नाईत."

मी मलमलीची दोन थानं उलगडली. त्यांनी हात फिरवला. काही कळेना. मग हळूच म्हणाले, "गालाले लावू का?"

शेठजी रस्त्याकडे पाहू लागले. शेजारी एक बाई लेकीच्या बाळंतपणासाठी कापड पाहत होती, तिचाही हात थांबला.

मी म्हटलं, "लावा."

त्यांनी डोळे मिटून एक थान गालाला लावलं, मग दुसरं. "हे टोचते. हे द्या." मी कापड फाडून दिलं. पिशवी काखेत धरून ते निघाले.

"बाबा, थांबा जरा," ती बाई म्हणाली. आपण निवडलेलं कापड तिनं त्यांच्यासमोर धरलं. "हे पाहा बरं. टोचते का?"