आजी इज अ बाम

दिघ्याला आमच्या चाळीत कोणाचं डोकं दुखलं की आधी रखमाआजी आठवते, गोळी नंतर. आजी परभणीकडची. लग्न होऊन इकडे आली, जवळच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली, आणि दिवसभर खाली वाकून मान धरायला लागली तेव्हा बाम लावायला शिकली. पुढे कंपनी सुटली, बाम काही सुटला नाही. कमरेच्या पिशवीत बाटली कायम. त्या बोटांनी तिने अख्ख्या चाळीची कपाळं चोळली आहेत, आणि सगळ्यात जास्त माझं. माझं डोकं दुखत नाही, फिरतं, असं आमच्या घरी म्हणतात. त्यांना काय कळतंय!

तिची सून अक्षता भली बाई, पण वासाला कंटाळलेली. एकाच खोलीत नाक तरी कुठे नेणार? भांडण कधी झालं नाही. फक्त सकाळी आजीची गोधडी उचलताना ती नाक मुरडायची, आणि आजीला ते दिसायचं.

अशात आजीच्या नातीच्या, म्हणजे अक्षताच्या मुलीच्या, मैत्रीच्या शाळेत इंग्रजी भाषणाचा कार्यक्रम आला. विषय घरातलं आवडतं माणूस. आजी कडक साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. मैत्री ऐटीत म्हणाली, "माय ग्रँडमदर इज अ बाम." मागचे काही पालक हसले. आजीला सगळ्या भाषणातले दोनच शब्द कळले, ग्रँडमदर आणि बाम. तेवढे पुरले.

घरी येऊन तिने बाटली माझ्या हातात ठेवली आणि पिशवी भरायला घेतली. गावी जाते म्हणाली, परत न येण्याच्या बोलीवर. तिचा मुलगा संघर्ष तिला समजावून थकला. मैत्री रडून रडून झोपली.

मला राग आला तो अक्षताचा. पोरीच्या तोंडी हे कुठून आलं, दुसरं कुठून येणार? ती बाहेर नळावर होती, तशीच जाऊन तिला फैलावर घेतलं. तिने शांतपणे सांगितलं की इंग्रजीत दुखावलेल्या माणसाला बरं वाटायला लावणाऱ्या गोष्टीलाही बाम म्हणतात. शब्द असोत, माणूस असो. आपण नाही का म्हणत, जखमेवर फुंकर घातली, तसं.

हे मला पटलं. मी आजीकडे आले, माझ्यामागून अक्षताही येऊन दारात उभी राहिली. मी आजीला सगळं नीट सांगितलं. तिने पिशवीचा बंद आवळला.

"फुंकर म्हनायचं व्हतं तर फुंकर म्हनायचं," ती म्हणाली. "फुंकरीला वास नसतो."

 

मग अक्षता आत येऊन आजीसमोर खाली बसली. "आत्याबाई, ते वाक्य मैत्रीचं नाही, माझं आहे. तिने विचारलं आजीबद्दल काय लिहू, तर मीच सांगितलं." आजी पिशवीकडेच बघत राहिली. "मागे तुम्ही लग्नाला गावी गेलात ना, तेव्हा मला झोपच येईना. घर आपलं वाटेना. शेवटी तुमची गोधडी काढली आणि पांघरली, त्या वासासकट. तेव्हा झोप लागली."

मला तर भरून आलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू.

"मंग नाक कामून मुरडती सकाळी?" आजीने विचारलं.

"वास येतो म्हणून," अक्षता म्हणाली.

आजी हसली. आधी नुसती हलली, मग पदर तोंडाला लावून हसली, आणि डोळेही त्याच पदराने पुसले. मग माझ्याकडे हात पसरला.

बाटली मी कमरेलाच खोचली होती. घेतल्यापासून कितीदा कपाळाला चोळून पाहिलं होतं, तोच बाम, तीच बाटली, पण माझ्या बोटांनी काही फरक पडला नव्हता. डोकं तेव्हाही ठणकत होतं. मी बाटली तिच्या हातात दिली आणि पटकन पुढे सरकून बसले.

"तू थांब," आजी म्हणाली, आणि तिने सुनेचं डोकं मांडीवर ओढलं.